थायरॉईडची गोळी आणि सकाळचं दूध

दम लागायचा तो पोटामुळं लागतो असं मला वाटायचं. गोठ्यापासून घराची पायरी काही लांब नाही, पण शेणाची पाटी टाकून परत आले की भिंतीला हात लावून उभी राहायची. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. ऐन वैशाखात सगळे उकाड्यानं हैराण आणि मी अंगावर चादर घेऊन बसलेली. दिवस गेले होते, तिसरा महिना होता. पहिल्या वेळेला असंच होत असेल म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

न बोलणं हे माझं लहानपणापासूनचं. माझं माहेर चंदगड तालुक्यात, आडबाजूला. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी चार-चार दिवस उतरायचं नाही. चौथीनंतर मी घरीच राहिले. लग्न होऊन कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आले. इथली माणसं भांडल्यासारखी मोठ्यानं बोलतात, मनात मात्र काही नसतं. हे कळायला मला एक वर्ष लागलं. माझं चंदगडी बोलणं ऐकून शेजारणी हसायच्या, म्हणून मी आणखीच गप्प झाले.

एक गोष्ट मी लपवलीही होती. मी पाटीवरची पेन्सिल खायची. मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिलींचा पुडा आणायची आणि लाकडं ठेवलेल्या खोलीत उभं राहून दोन-तीन चावून खायची. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही हे दुकानदाराला ठाऊक होतं. तरी तो काही विचारायचा नाही, म्हणून मला त्याचीही लाज वाटायची. अंगात रक्त कमी असलं की काही बायकांना अशी वासना होते, हे मला फार उशिरा समजलं. कुणी पोटुशी बाई लपून असं काही खात असेल तर तिनं लाजू नये. दवाखान्यात सांगावं.

सात

आमच्या भागातल्या आशाताई घरोघरी येतात. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "आत लाल काय न्हाईच की गं. खडूगत पांढरं हाय." त्यांनीच शहरातल्या एका दवाखान्यात माझं नाव घालायला लावलं.

रक्ताचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. माझे मालक फौंड्रीत कामाला आहेत, त्या दिवशी त्यांनी अर्धी सुट्टी काढली होती. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रक्त सात आहे, अकराच्या पुढं पाहिजे. आणि थायरॉईडचा त्रास आहे. गळ्यात एक ग्रंथी असते, ती तुझी कमी काम करते.

माझा हात गळ्याकडं गेला. माहेरी आमच्या वाडीत एक म्हातारी होती, तिच्या गळ्याला नारळाएवढी गाठ होती. लहान पोरं तिला बघून पळायची. मला वाटलं, आता माझंही तसंच होणार. मॅडम पुढं बरंच काही सांगत होत्या, मी गळा चाचपत होते. एकच वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं. त्या म्हणाल्या, "पहिले काही महिने बाळाला हे सगळं तुझ्याकडूनच मिळतं. तुझ्याकडंच नसेल तर त्याला कुठून मिळणार?"

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, एक दिवससुद्धा चुकवायची नाही, हे ऐकलं. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची तेही त्यांनी सांगितलं असणार. मी ते ऐकलं नाही. चिठ्ठी इंग्रजीत होती. बाहेर आल्यावर मालकांनी विचारलं, समजलं का सगळं. मी मान हलवली.

पेला

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. घरात दोन म्हशी आहेत. पहाटे धार आत्तीच काढतात, दुसऱ्या कुणाला म्हशी अंगाला हात लावू देत नाहीत. दूध किटलीत ओतून डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. पण मला दिवस गेल्याचं कळल्यापासून आत्ती किटली भरायच्या आधी माझा पेला भरून ठेवायच्या. फेस आलेलं, म्हशीच्या अंगासारखं गरम दूध. असं दूध त्यांनी स्वतःच्या लेकालाही कधी दिलं नव्हतं. मालक हसून म्हणायचे, मी पैलवान झालो नाही तो ह्याच्यामुळंच.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी एकदा, फक्त एकदाच, म्हणाले की मॅडमनी उपाशीपोटी घ्यायला सांगितलंय. आत्ती म्हणाल्या, "दूध काय जेवान हाय व्हय? उपासाला चालतंय की. संकष्टीला दुधावरच तर दिवस काढतोय आपन, म्हणून उपास मोडला असं कोन म्हंतंय?"

मला ते पटलं. माझी आईही चतुर्थीला दूध पिऊनच उपास करायची. दूध पिणं म्हणजे खाणं, असं आमच्यापैकी कुणीच धरत नाही. आणि विसरायला नको म्हणून आत्तींनी तिन्ही गोळ्या एका डब्यात घातल्या. रोज सकाळी त्या माझ्या तळहातावर तिन्ही ठेवायच्या, पांढरी, लाल आणि ती मोठी खडूसारखी. दुसऱ्या हातात पेला द्यायच्या आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. "गटागट पी. बाळापातूर पोचू दे."

खरं सांगायचं तर त्या दुधाच्या वासानं मला मळमळायचं. पण माझ्या माहेरी बायका सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायच्या. माझ्यासाठी कुणीतरी पेला धरून उभं राहिलं आहे, हे मला नवीन होतं. त्या पेल्याला नको म्हणायचं माझ्या मनातही येत नव्हतं.

आकडा उतरत नाही

पुढच्या महिन्यात तपासलं तर थायरॉईडचा आकडा उतरायच्या ऐवजी आधीपेक्षा जास्त. गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा वाढवली. रक्त सातवरून जेमतेम हललेलं. तिसऱ्या खेपेला मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "खरं सांग, गोळ्या घेतेस का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, मान हलवू नकोस, तोंडानं सांग. मला रडू आलं. रांगेत मागं उभ्या असलेल्या बायका बघत होत्या.

व्हरांड्यात आल्यावर मालक हळू आवाजात म्हणाले, "टाकून देतीस काय गोळ्या? खरं सांग. मी आईला सांगनार न्हाय." लोहाच्या गोळ्यांनी पोर काळं होतं असं आमच्याकडं बायका म्हणतात, म्हणून त्यांना तसं वाटलं. ते रागावले असते तर मला चाललं असतं. पण ते घाबरलेले होते, आणि त्यांना माझ्यावर विश्वास ठेवता येत नव्हता.

घरी आल्यावर हे आत्तींच्या कानावर गेलं. त्या लेकावर इतक्या चिडल्या की म्हशी दावणीला उठून उभ्या राहिल्या. "रोज माझ्या हातानं गोळ्या देते, माझ्या डोळ्यादेखत पिती ती. पोरीवर आळ घेऊ नगंस." मग मला जवळ बसवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून लहान पेला गेला आणि मोठा आला.

मॅडमनी विचारलं होतं, घेतेस का. कशाबरोबर घेतेस, हे विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. यात मी मॅडमना दोष देत नाही. बाहेर पन्नास बायका बसलेल्या असायच्या. माझ्या तोंडून दोन वाक्यं निघाली असती तरी त्यांच्या लक्षात आलं असतं.

बिनदुधाचा चहा

गोळ्यांनी रक्त चढेना म्हणून सहाव्या महिन्यात सलाईनमधून लोह द्यायचं ठरलं. एका दिवसाआड जायचं, दोन-तीन तास पडून राहायचं. औषध तपकिरी काळं असायचं. शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरकडची एक बाई यायची, तिची ही तिसरी वेळ. पहिल्या दिवशी माझ्या बाटलीकडं बघून ती म्हणाली, "बग की, चहा चढवायलेत आपल्याला. त्यो बी बिनदुधाचा." मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते. ती सारखी बोलायची, नवऱ्याला नावं ठेवायची, सुई टोचणाऱ्या सिस्टरला पावणं म्हणायची. मी नुसती ऐकायची. आपण बोललो नाही तरी चालतं असं माणूस शेजारी असलं की किती हलकं वाटतं, ते मला तिथं कळलं. रक्त आठच्या वर गेलं. पेन्सिल खाण्याची वासना आपोआप कमी झाली. मला वाटलं, आता निभावलं.

बेबी ऑफ सुवर्णा

सातव्या महिन्यात ओटी भरायची होती. आत्तींनी हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं, चंदगडहून माझी आई यायची होती. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि बसल्या जागी पाणी गेलं. दुखत नव्हतं. मी आधी पीठ झाकून ठेवलं, मग आत्तींना हाक मारली.

मुलगी झाली. किलोपेक्षा थोडी जास्त. मला तिचा आवाज ऐकू आला नाही, तिला लगेच नेलं. माझं रक्त बरंच गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मालकांच्या तालमीतल्या पोरांनी येऊन रक्त दिलं. त्यातला एकही मला चेहऱ्यानं ओळखत नाही.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पायाला पट्टी, त्यावर लिहिलेलं, बेबी ऑफ सुवर्णा. सुवर्णा म्हणजे मी. दर तीन तासांनी आम्हा आयांना आत सोडायचे. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा डगला घालायचा. दूध काढून वाटीत द्यायचं, सिस्टर नळीतून घालायच्या. बाकीच्या आयांच्या वाट्या भरायच्या. माझ्या वाटीचा तळसुद्धा झाकायचा नाही. मी वाटी पदराआड धरून न्यायची. एक सिस्टर ते बघून म्हणाली, "एवढंसं पण तिला पुष्कळ आहे, तिचं पोट लिंबाएवढं आहे." तिनं तसं म्हटलं म्हणून मी रोज आत जाऊ शकले.

सहाव्या दिवशी तिनं जांभई दिली. पूर्ण तोंड उघडून, म्हाताऱ्या माणसासारखी. मी ते मालकांना सांगितलं तर त्यांनी तीन वेळा विचारलं, कशी दिली, करून दाखव. मी व्हरांड्यात उभी राहून करून दाखवली.

नवव्या दिवशी दुपारी मला वेळेआधीच आत बोलावलं. डगला घालायला सांगितला नाही, तेव्हाच कळलं.

बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. कागदावरही माझंच नाव लागलं. पुरुषमाणसं तिला घेऊन गेली. कुठं ठेवलं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

कमी काय केलं न्हाई

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला छाती भरून दूध आलं. ब्लाऊज भिजला. आत्तींनी धोतराचं जुनं फडकं घेऊन माझ्या छातीला घट्ट बांधलं.

भेटायला बायका यायच्या. आत्ती प्रत्येकीला तेच सांगायच्या. "म्या काय कमी केलं न्हाई बाई. धारंचं दूध पाजलं रोज, किटलीच्या आदी तिचा पेला. तरी पोरगी टिकली न्हाई." मी आतल्या खोलीत पडून ऐकायची. तेव्हा मलाही वाटायचं, खरंच, यांनी काय कमी केलं.

दीड महिन्यानं तपासणीला गेले. मॅडम रजेवर होत्या, त्यांच्या जागी नवीन मुलगी होती. डॉक्टर वाटू नये एवढी लहान. तिनं सगळे जुने कागद काढून एकापुढं एक लावले आणि विचारलं, "ताई, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते मला सांगा बरं. गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, सगळं." ती वाट बघत बसली. मी सांगितलं. पेला, डबा, तिन्ही गोळ्या, सगळं.

तिनं पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं की थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, दूध, लोह, कॅल्शियम बरोबर गेलं तर ती अंगाला नीट लागत नाही. मध्ये चार तास तरी पाहिजेत. दुधाबरोबर लोहही नीट लागत नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरला प्रश्न विचारला. "मग माझी पोरगी त्यानं गेली काय?"

ती म्हणाली, "हे कुणीच सांगू शकत नाही, ताई. दिवस भरायच्या आधी बाळ यायला खूप कारणं असतात. थायरॉईड हे त्यातलं एक. त्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. त्यामुळं झालं नाही असंही म्हणता येणार नाही."

ती खोटं बोलली नाही म्हणून मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

बाहेर मालक गाडीवर बसून होते. म्हणाले, काय म्हणाल्या? मी सांगितलं, गोळ्या चालू ठेवायच्या. त्यापुढचं मी आजपर्यंत त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते आत्तींपर्यंत गेलं असतं.

नको झालेलं दूध

घरी पेला चालूच होता. अंगात रक्त भरायला पाहिजे म्हणून आत्ती आता जास्तच जपत होत्या. मी पहाटे त्यांच्या आधी उठून पाण्याबरोबर गोळी घ्यायला लागले आणि दूध आलं की म्हणायची, मागनं पिते, आत्ता नको. एक दिवस, दोन दिवस. आठवड्यानं आत्ती पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "माझ्या हातचं नको झालं व्हय तुला?" मी म्हणाले तसं नाही. त्यांनी पेला किटलीत ओतला. पुढं कितीतरी महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. शेजारणींना त्या म्हणाल्या, पोरगी गेल्यापासनं सून माझ्यावर राग धरून हाय. त्यांना वाटत होतं, पोरगी गेल्याचा दोष मी त्यांच्या नशिबाला देते. मला वाटत होतं, हेच बरं. राग धरला म्हणू देत. दुसरं कळायला नको.

यंदा मला पुन्हा दिवस गेले. आशाताई पहिल्याच महिन्यात आल्या. स्वयंपाकघरात बसून त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगायला लागल्या. थायरॉईडची गोळी पाण्यासंगं, तास-दीड तास चहासुद्धा घ्यायचा नाही, दूध तर अजिबात न्हाई, गोळी वायाच जाती. रक्ताची गोळी दुपारी, लिंबूपाण्यासंगं. मी डोळ्यानं खुणावत होते, पण त्यांचं लक्ष कागदात होतं. आत्ती चुलीपुढं होत्या. त्यांनी उतू चाललेला चहा उतरवला नाही.

आशाताई गेल्यावर आत्ती बराच वेळ गोठ्यात होत्या. शेण काढून झालं होतं, तरी तीच जागा झाडत होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. पाठमोऱ्या राहूनच त्यांनी विचारलं, "तवा तू गोळी कशासंगं घेत हुतीस?"

मी म्हणाले, "पाण्यासंगं. दूध मागनं पीत हुते."

त्या वळल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. गोळ्या रोज त्यांनीच माझ्या तळहातावर ठेवल्या होत्या. माझ्या दुसऱ्या हातात पाणी कधीच नव्हतं.

"मग बरं," त्या म्हणाल्या. खराटा भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, "आता दूध किती वाजता देऊ?"

"धा वाजता."

"धाला देते."

आता मला सातवा महिना चालू आहे. थायरॉईडचा आकडा जागेवर आहे, रक्त साडेनऊ. रोज सकाळी पोटात हालचाल होईपर्यंत मी अंथरुणातून उठत नाही. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. दहा वाजता आत्ती पेला आणून माझ्याशेजारी ठेवतात आणि निघून जातात. मी पिऊन संपवेपर्यंत आता त्या समोर उभ्या राहत नाहीत.

हे सगळं मी आशाताईंच्या सांगण्यावरून लिहिलं. बायकांच्या बैठकीत त्या नाव न घेता वाचून दाखवणार आहेत, म्हणजे आणखी कुणी माझ्यासारखी गप्प बसणार नाही. आत्तींना वाचता येत नाही. पण ऐकू येतं. म्हणून मी आशाताईंना सांगितलंय, पलीकडच्या गावात वाचा, सगळ्या गावांत वाचा. आमच्या गल्लीत तेवढं वाचू नका.